जेवणाआधीचा तांब्या

एप्रिल उजाडला की जळगावात आणि धुळ्यात पाण्याबद्दल बोलायचे विषय ठरलेले असतात. वाघूर धरणात साठा किती उरला, नकाणे तलाव कुठवर खाली गेला, टँकर कुठल्या वस्तीपर्यंत पोचला, नळाला आता किती दिवसांनी पाणी येणार. अलीकडे यात आणखी एक विषय शिरलाय. सकाळी मेहरूण तलावाकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींत तो हमखास ऐकू येतो. जेवायच्या अर्धा तास आधी दोन-अडीच ग्लास पाणी प्यायचं, भूक निम्मी होते, वजन आपोआप उतरतं. कुणी कोमट प्यायला सांगतं, कुणी लिंबू-मध घालून, कुणी रात्रभर जिरं भिजवून. सांगणाऱ्याच्या सदऱ्याची बटणं पोटाशी ताणलेली असली तरी सल्ला मात्र ठाम असतो.

या सल्ल्यात तथ्य किती आणि भर किती, ते या प्रकरणात पाहू. तथ्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाणी कधी प्यायलं, कशाच्या पोटात घालून खाल्लं आणि कशाच्या जागी घेतलं, या तीन गोष्टींत ते दडलेलं आहे. नुसते दिवसाचे लिटर मोजून ते सापडत नाही.

सल्ला तसा नवा नाही. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जेवण आणि पाणी यांचा हिशेब फार थोडक्यात मांडलेला आहे. जेवणाच्या आधी पाणी पिणारा कृश होतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, मध्ये मध्ये पिणारा समतोल राहतो, असा त्याचा आशय. त्याच ग्रंथात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला आणि एक मोकळा ठेवायला सांगितला आहे. वाग्भटाकडे वजनकाटा नव्हता आणि तुलनेसाठी दोन गटही नव्हते, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. पण ‘आधी पिणारा बारीक होतो’ हे निरीक्षण एखाद्या वैद्याला तेराशे वर्षांपूर्वी नोंदवावंसं वाटलं, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. आपल्याकडे पाटावर बसल्यावर आपोष्णीचं पाणी घेण्याची रीत होती, तिचा मात्र इथे काही उपयोग नाही. तळहातावरच्या त्या घोटाने भूक हलत नाही.

मोजून पाहणारे लोक बरेच उशिरा आले. 2010 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 55 ते 75 वयाचे 48 स्थूल स्त्री-पुरुष घेतले. सगळ्यांना बारा आठवडे कमी कॅलरींचा एकच आहार दिला, बायकांना दिवसाला 1200 कॅलरी आणि पुरुषांना 1500. फरक एवढाच की एका गटाने तिन्ही जेवणांआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. बारा आठवड्यांनी पाणीवाल्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा साधारण दोन किलोने जास्त उतरलं होतं. उतरलं दोन्ही गटांचं, हे लक्षात ठेवायला हवं. मुख्य काम कमी खाण्याने केलं, पाण्याने त्याला हातभार लावला.

पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यातली तुलना मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात 84 लठ्ठ माणसं निवडली. निम्म्यांना सांगितलं, मुख्य जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर साधं पाणी प्या. उरलेल्यांना सांगितलं, जेवायला बसण्याआधी आपलं पोट भरलेलं आहे अशी कल्पना करा. म्हणजे ‘आपल्याला काहीतरी उपाय मिळालाय’ हे समाधान दोघांच्याही वाट्याला आलं. 2015 साली निष्कर्ष छापून आले. बारा आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचं वजन सरासरी 2.4 किलोने घटलं, कल्पना करणाऱ्यांचं 1.2 किलोने. नुसत्या कल्पनेने सव्वा किलो! लक्ष ठेवून खाणं हाही एक उपाय आहे, हे यातून अनायासे कळलं. ज्यांनी तिन्ही वेळा नेमाने पाणी प्यायलं त्यांचं सव्वाचार किलोच्या वर उतरलं. अर्थात जो माणूस तिन्ही वेळा नेमाने पाणी पितो, तो बाकीच्या गोष्टीही नेमाने करत असणार. त्यामुळे त्या आकड्याचं सगळं श्रेय पाण्याला देऊन टाकणं घाईचं ठरेल.

अर्धा लिटर म्हणजे आपल्याकडच्या फुलपात्राने अडीच फुलपात्रं, अर्ध्या तांब्याच्या आसपास. हे पोटात गेल्यावर काय होतं?

जठराच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. जठर फुगलं की ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला वर्दी देतात. ताण पाण्याने आलाय की भाकरीने, हे त्या टोकांना कळत नाही. भाकरी कळते ती पुढे, लहान आतड्यात. तिथे अन्न पोचलं की आतड्यातून काही संप्रेरकं सुटतात आणि खरी, टिकाऊ तृप्ती त्यांच्यामुळे येते. पाणी ही दुसरी पायरी चढतच नाही. त्यात आतड्याने ओळखावं असं काही नसतं. शिवाय रिकाम्या पोटी प्यायलेलं साधं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. दहा-वीस मिनिटांत निम्मं पुढे निघून जातं. म्हणून सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाणी ढोसून दुपारच्या जेवणावर परिणाम होईल असं मानणं व्यर्थ आहे. ते पाणी दुपारपर्यंत कुठल्या कुठे गेलेलं असतं.

इथे वयाचाही मुद्दा येतो. जेवणाआधी पाणी दिल्यावर खाणं कमी झालं, हे साठीच्या आसपासच्या माणसांत नीट दिसलं. एका प्रयोगात न्याहारीतल्या कॅलरी 13 टक्क्यांनी कमी भरल्या. तरुणांत मात्र हा परिणाम तितका दिसला नाही. म्हातारपणी जठर सावकाश रिकामं होतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. तेव्हा घरातल्या आजोबांना जो उपाय लागू पडला तो कॉलेजातल्या नातवालाही लागू पडेल, असं धरून चालू नये.

आता ज्या प्रयोगामुळे मला हे प्रकरण खानदेशात आणून बसवावंसं वाटलं, त्याकडे येतो. 1999 साली पेनसिल्व्हेनियातल्या बार्बरा रोल्स या आहारशास्त्रज्ञ बाईंनी 24 स्त्रियांना तीन वेगवेगळ्या दिवशी जेवणाआधी एकच पदार्थ दिला. भात, कोंबडी आणि भाज्या घालून केलेला. पहिल्या खेपेला तो नुसता दिला, दुसऱ्या खेपेला सोबत मोठा ग्लासभर पाणी दिलं आणि तिसऱ्या खेपेला तेवढंच पाणी त्या पदार्थात घालून त्याचं सूप केलं. जिन्नस तेच, कॅलरी त्याच, पाणीही तेवढंच. सोबत पाणी प्यायल्याने पुढच्या जेवणावर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. सूप घेतलं त्या दिवशी मात्र त्या शंभरेक कॅलरी कमी जेवल्या, आणि त्या कॅलरी त्यांनी रात्रीच्या जेवणात भरूनही काढल्या नाहीत.

घासासोबत प्यायलेलं पाणी वेगळं आणि घासात मुरलेलं वेगळं. अन्नात मिसळलेलं पाणी जठरातून अन्नाच्या चालीने सरकतं आणि तेवढा वेळ जठर ताणलेलं राहतं. डोळ्यांनाही ताट भरलेलं दिसतं.

ही गोष्ट खानदेशच्या ताटावर ताडून पाहिली तर मोठी गंमत दिसते. कढी-फुणके घ्या. भिजवलेली डाळ भरड वाटायची, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे आणि ताटात कुस्करून त्यावर पातळ कढी ओतायची. डाळीतली प्रथिनं आणि ताकातलं पाणी एकाच घासात पोटात जातं. तूप-तेलाची धार किती सोडायची एवढा एकच प्रश्न उरतो. वजनाची काळजी असलेल्या माणसासाठी परदेशी सूपची पुडी फोडण्याची गरज या मुलखात तरी पडू नये.

भरताचंही तसंच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही हिरवी, पांढुरक्या रेषांची, हातभर वाटावीत अशी वांगी म्हणजे बहुतांशी पाणीच. शंभर ग्रॅम वांग्यात पंचवीसेक कॅलरी असतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगं भाजलं की काही पाणी उडून जातं, पण बरंच गरात राहतं. शेतातल्या भरीत पार्टीत माणूस वाडगाभर भरीत खातो आणि त्याला जडही वाटत नाही. मग त्या पार्टीनंतर सगळे आडवे का होतात? कारण वांग्याने जे वाचवलं ते तेलाने आणि सोबतच्या कळण्याच्या पुऱ्यांनी व्याजासकट वसूल केलेलं असतं. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. अर्धा किलो वांगी अशा एका चमच्याने बरोबरीत सुटतात.

शेवभाजीबद्दल लिहायला मन धजावत नाही, कारण धुळ्या-जळगावातल्या कुठल्याही हॉटेलात हे पुस्तक घेऊन मला जायचं आहे. पण हिशेब सांगायलाच हवा. रस्सा पातळ दिसतो, म्हणून सुपाचा नियम तिला लागू होईल असं वाटतं. वर तरंगणारा तवंग आणि आत पडणारी शेव हे दोघे तो नियम मोडतात. तळलेल्या शेवेत पाणी नसल्यातच जमा, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात कॅलरी. ती रस्सा पिऊन फुगते खरी, पण फुगण्याआधीच्या कॅलरी कुठे जात नाहीत. वर काळ्या मसाल्याने तोंड पोळलं की माणूस घटाघटा पाणी पितो. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आग शमत नाही आणि मग पुढचा घास भाकरीचा मोठा घेतला जातो. ताक प्यावं. दुधातल्या प्रथिनांमुळे तिखटाचा दाह खरोखर कमी होतो.

पाण्याचं हे कर्तृत्व सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते केळ्यात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून निघालेलं केळं सोलून पाहिलं तर गराचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. शंभर ग्रॅम गरात नव्वद-शंभर कॅलरी. तेच कच्चं केळं किसून तळलं की पाणी वाफ होऊन जातं, त्याच्या जागी तेल शिरतं आणि वेफर्स तयार होतात. शंभर ग्रॅम वेफर्सच्या पिशवीत पाचशेहून जास्त कॅलरी भरतात. भुसावळला गाडी थांबली असताना घेतलेली अशी पिशवी चाळीसगाव येईपर्यंत संपते आणि संपवणाऱ्याला काही खाल्ल्यासारखं वाटत नाही. त्याच बैठकीत पाच केळी खायला सांगा बरं. तिसऱ्याला माणूस हात जोडेल.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्या, हा जगभर फिरणारा आदेशही इथेच तपासून घेऊ. त्याचा एक उगम 1945 सालच्या अमेरिकी पोषण मंडळाच्या शिफारशीत सांगितला जातो. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं त्यात म्हटलं होतं. लगेच पुढे यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातून मिळतं, असंही लिहिलं होतं. पहिलं वाक्य गाजलं, दुसरं विसरलं गेलं. 2002 मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने या आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोधला आणि निरोगी, बैठं काम करणाऱ्या, समशीतोष्ण हवेतल्या माणसासाठी तरी त्याला तो सापडला नाही. शेवटची अट महत्त्वाची आहे, समशीतोष्ण हवेतल्या. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेलेल्या भुसावळच्या माणसाने व्हाल्टिनचा आधार घेऊन पाण्याची कुचराई करू नये.

आता पाण्याने चरबी जळते या समजुतीकडे. तिचं मूळ 2003 सालच्या बर्लिनमधल्या एका प्रयोगात आहे. सात पुरुष आणि सात स्त्रिया, प्रत्येकाला 22 अंश सेल्सिअसचं अर्धा लिटर पाणी. पुढच्या तासाभरात त्यांच्या शरीरातला ऊर्जेचा खर्च 30 टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद झाली. तीस टक्के म्हटल्यावर जग हरखलं. पण एकूण जळालेली ऊर्जा किती, तर चोवीसेक कॅलरी. सव्वा चमचा साखर. पुढे 2006 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तसाच प्रयोग झाला, तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्याने काहीच वाढ दिसली नाही. 3 अंशांपर्यंत गार केलेल्या पाण्याने दिसली, तीही साडेचार टक्के.

हे गणित घरीही करता येतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि आहारातली ‘कॅलरी’ म्हणजे ही किलोकॅलरीच. माठातलं पाणी 25 अंशांचं धरलं तर अर्धा लिटर पाणी शरीराच्या 37 अंशांपर्यंत न्यायला सहा कॅलरी पुरतात. फ्रीजमधलं 5 अंशांचं पाणी असेल तर सोळा. त्यातही मे महिन्यात खानदेशात शरीराची धडपड उष्णता तयार करण्याची नसतेच, असलेली उष्णता बाहेर टाकण्याची असते. गार पाणी त्यातलीच थोडी शोषून घेतं. त्यासाठी वेगळं इंधन जाळायची शरीराला गरज काय? लिंबू पिळल्याने चरबी कापली जाते, हे तर साबणाच्या जाहिरातीतून आहारात आलेलं वाटतं. मध मात्र आकडा बदलतो, उलट्या दिशेने. मोठा चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात.

मग पाण्याचा सगळ्यांत मोठा फायदा कुठे? माझ्या मते तो जळगावच्या बसस्टँडबाहेर मे महिन्याच्या दुपारी दिसतो. एका बाजूला कुणीतरी आईवडिलांच्या स्मरणार्थ घातलेली पाणपोई असते. ओलं गोणपाट गुंडाळलेले रांजण, साखळीला बांधलेला पेला. दुसऱ्या बाजूला रसवंती, घुंगरांचा आवाज, बर्फ, आलं, लिंबू. तहान दोन्हीकडे भागते. पण उसाच्या रसाच्या अडीचशे मिलीलिटरच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सव्वाशेहून जास्त कॅलरी. आणि या कॅलरींची पोटात नोंदच होत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 2000 साली 15 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चार आठवडे रोज 450 कॅलरी साखरेच्या गोळ्यांतून दिल्या तेव्हा लोकांनी बाकीचं खाणं आपसूक तेवढं कमी केलं. तेवढ्याच कॅलरी गोड पेयातून दिल्या तेव्हा बाकीचं खाणं जसंच्या तसं राहिलं. चावून खाल्लेल्या साखरेचा हिशेब शरीर ठेवतं. प्यायलेली साखर त्याच्या वहीत चढत नाही.

चहा त्याच जातीचा, फक्त रोजचा असल्याने डोळ्यांत भरत नाही. दुकानात, कचेरीत, कुणाच्या दारावर, दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हटलं तरी 40 ग्रॅम. ही सगळी साखर वजा केली तर वर्षाला सात किलो उतरतील असं कागदावर निघतं. प्रत्यक्षात तेवढे उतरत नाहीत, कारण शरीर खर्चही आवरतं आणि भूकही वाढवतं. तरीही ज्याला एकच बदल करायचा आहे त्याला मी जेवणाआधीचा तांब्या दुसऱ्या क्रमांकावर सांगेन. पहिल्या क्रमांकावर तिसऱ्या आणि चौथ्या कपाच्या जागी पाणी. पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देण्याची आपली पद्धत आहे, त्यावर थोडं थांबता आलं तर चहाचं आधण निम्म्या वेळा टळेल. यजमानीणबाई थांबू देणार नाहीत, ते वेगळं. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी हा हिशेब कुणी काढू नये. घागर पुजून झाल्यावर पुरणपोळी आणि आमरस समोर असताना कॅलरी मोजणाऱ्याला खानदेशात पंक्तीतून उठवलं तर कुणी हळहळणार नाही.

महाराष्ट्रात वजनाबद्दल सर्वांत मोठा वाद 2018 च्या सुमारास झाला. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खायला सांगत होत्या. घराघरांत दोन पक्ष पडले. दीक्षितांच्या पद्धतीत मधल्या वेळी भूक लागली तर साधं पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. हजारो मराठी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा भुकेला उत्तर म्हणून पाण्याचा ग्लास उचलला तो या काळात.

हा ग्लास लागू पडतो, असं करून पाहणारे सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पण त्यामागे एक बारकावा आहे. जठरातून सुटणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक भूक चेतवतं आणि ते आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळांवर वाढतं. रोज पाचला चिवडा खाणाऱ्याला पाचला भूक लागते. त्या वेळी काहीच खाल्लं नाही तरी घ्रेलिनची पातळी थोड्या वेळाने आपोआप उतरते. म्हणजे पाचची भूक साडेसहाला बरीच ओसरलेली असते. मधल्या वेळात पाणी प्यायलं की श्रेय पाण्याला मिळतं. मिळू द्यावं. हात आणि तोंड गुंतवून ठेवायला पाण्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. ‘आपल्याला भूक लागलीय असं वाटतं तेव्हा खरं तर तहान लागलेली असते’ हे मात्र सगळीकडे छापलं जाणारं वाक्य आहे आणि त्याला भक्कम पुरावा नाही. भूक आणि तहान यांची यंत्रणा मेंदूत वेगवेगळी आहे. बहुतेकांना दोन्हीतला फरक चांगला कळतो.

नुसत्या पाण्यावर राहण्याचा सर्वांत जुना आणि शिस्तबद्ध अनुभव खानदेशात शोधायचा तर तो जैन घरांत सापडेल. पर्युषणात जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत अठाई होते. आठ दिवस अन्न नाही, उकळून गार केलेलं पाणी आणि तेही सूर्योदय ते सूर्यास्त. त्यामागचा हेतू तपाचा आणि कर्मक्षयाचा. वजनाशी त्याचा संबंध जोडणं त्या तपाचा अपमान ठरेल. तरी शरीरात काय घडतं, ते पाहायला हरकत नाही. पहिले दोन दिवस जड जातात आणि मग भूक मंदावते, असं अनेक तपस्वी सांगतात. पाण्याने भूक शमली असती तर ती पहिल्याच दिवशी शमायला हवी होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागतं, मेंदू ते इंधन म्हणून वापरतो आणि भूक मंदावण्याशी त्याचा संबंध लावला जातो.

या काळात काटा झपाट्याने खाली येतो. त्यातला पहिला मोठा हिस्सा पाण्याचाच असतो. यकृतात आणि स्नायूंत चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठलेलं असतं आणि दर ग्रॅममागे त्याला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साठा संपला की ते पाणी लघवीवाटे जातं आणि दीड-दोन किलो उतरल्याचा आनंद होतो. पारण्यानंतर खाणं रुळलं की ते पाणी परत येतं. ‘आठवड्यात तीन किलो’ अशा पाट्या लावणारे जे विकतात, ते बहुतेक हेच पाणी.

उन्हाळा हीच फसवणूक रोज करतो. उन्हात राबणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. केळीचे घड वाहून ट्रक भरणाऱ्या मजुराचं वजन संध्याकाळी केलं तर ते सकाळपेक्षा कमी भरेल आणि त्यात चरबी नावालाच असेल. त्याला पाण्यासोबत मीठही हवं. भूक मारण्याच्या नादात तास-दोन तासांत चार-पाच लिटर साधं पाणी ढोसणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडं तासाला लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून फार जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं गरगरतं, उलट्या होतात आणि प्रकरण झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, जे डायलिसिसवर आहेत, त्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. त्यांनी शेजाऱ्याचा तांब्या उचलू नये.

पाण्याने पोट भरण्याचा हा नियम काही घरांत मात्र उलटा पडतो. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या डोंगराळ भागात आणि यावल-चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या पाड्यांवर प्रश्न वजन उतरवण्याचा नाही, लेकरांचं वजन चढवण्याचा आहे. लहान मुलाचं जठर वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस मिलीलिटर सामावून घेतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावून मावून एक वाटी मावते. ती वाटी वरणाच्या वरवरच्या पाण्याने भरली तर बाळ तोंड फिरवतं. आईला वाटतं पोट भरलं, आणि ते भरलेलंही असतं, त्यात खाणं मात्र नसतं. मोठ्यांचं पोट ज्या युक्तीने चकवायचं, तीच युक्ती इथे नकळत लेकरावर चालवली जाते. म्हणून बाळाला वरण वरून निवळून देऊ नये. तळाची घट्ट डाळ भातात कुस्करावी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप घालावं, आणि पाण्याचा पेला खाणं झाल्यावर पुढे करावा.